चौथा चाकू

चिपळूण
१४ सप्टेंबर १९९७

श्री. अंबादास यांस,
सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

तुमचं ऑगस्टअखेरचं पत्र मिळालं. आम्ही दोघी खुशाल. गणपती पाच दिवस दादा-जाऊबाईंकडेच होते. आरतीला तुमचे टाळ सुरुचीने वाजवले. लयीत नाही, पण जोरात. तिसरीच्या नव्या बाई तिला उजव्या हाताने लिहायला लावत होत्या. मी जाऊन सांगून आले की डावा आहे तो डावाच राहू दे.

एक मागणं आहे. हसू नका.

जाऊबाईंना त्यांच्या भावाने, शारजाच्या सिद्धार्थने, एक चाकू पाठवला आहे. लाल मुठीचा, बोटाएवढा, मिटणारा. त्यात पातं आहे, कात्री आहे, दात कोरायची काडी आहे आणि एक चिमटा. जाऊबाई तो शाळेत आणतात. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कुणाचा ना कुणाचा पेरू असतोच. त्या पर्समधून चाकू काढतात, आठ सारख्या फोडी करतात, पातं रुमालाला पुसतात आणि टक करून मिटतात. तो टक मला नंतर वर्गात फळ्यावर लिहितानाही ऐकू येतो.

पहिली फोड त्या मला देतात. थोरल्या जावेने धाकटीला द्यावी तशी. गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुझ्याकडे कसा गं नाही, अंबादासभावजी तर दुबईतच आहेत ना?

मला तसाच हवा. त्याहून मोठा नको, वेगळा नको. तसाच.

एप्रिलअखेर तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. सुरुचीने पुढच्या वर्षीचं कॅलेंडर यायच्या आधीच वहीच्या पुठ्ठ्यावर 'मे' असं लिहून ठेवलं आहे.

लोभ आहेच. त्याला एक चाकू जोडावा ही विनंती.

तुमची,
सुलक्षणा

*

जबल अली
१० ऑक्टोबर १९९७

प्रिय सुलक्षणा,
स. न. वि. वि.

चाकू मिळाला. आज शुक्रवार, कंपनीच्या बसने डेऱ्याला, दुबईच्या जुन्या बाजारात, गेलो होतो. स्टँडजवळ फुटपाथवर एकजण चादर अंथरून बसला होता. लाल मूठ, वर पांढरी फुली, अगदी तू लिहिलंस तसा. ओरिजिनल आहे का विचारलं. ओरिजिनल, हबीबी, म्हणाला. पंधरा दिरहम सांगत होता, बारावर आणला. म्हणजे एकशेवीसच्या आत. सिद्धार्थने याच्या कितीतरी पट दिले असणार. तो पहिल्यापासून असाच.

शिवाय वहिनींच्या चाकूत चार वस्तू, यात सहा. एक करवत आहे आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. तुला लागणार नाही, पण असू दे.

फसवणूक होईल अशी काळजी नको. दिवसभर माझं कामच ते. कंटेनर उघडायचा, खोक्यावर काय लिहिलंय आणि आत काय आहे ते बघायचं. सुपरवायझर म्हणतो, अंबादासने माल हातात घेतला की खोटा माल स्वतःच लाजतो.

माझ्या रूममधला किसन मंगळवारी सुट्टीवर निघतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि चाकू. आता टक तू वाजव आणि पहिली फोड वहिनींना दे.

सुरुचीला पापा. लोभ असावा, आणि तो सहा वस्तूंनी वाढावा.

तुझा,
अंबादास

*

चिपळूण
२२ ऑक्टोबर १९९७

श्री. अंबादास यांस,
सा. न. वि. वि.

किसनभावजी चाकू घेऊन आले. मी तो दोन दिवस पर्समध्ये नुसता ठेवला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जाऊबाईंच्या आधी पर्स उघडली.

पेरू थोडा कच्चा होता. तरी पेरूच होता. पातं अर्ध्यावर गेलं आणि वाकलं. मी ते बाहेर काढताना मूठ एका बाजूने उघडली आणि तुमची करवत टेबलावर पडली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चित्रकलेच्या सरांनी करवत उचलून मला परत दिली.

मग जाऊबाईंनी त्यांचा काढला. माझ्या अडकलेल्या चाकूच्या बाजूने कापत कापत फोडी केल्या. पहिली फोड मला दिली. तिला चव नव्हती असं म्हणणार नाही. पेरू गोड होता.

घरी सुरुचीने ओल्या बोटाने मूठ पुसली, तर पांढरी फुली बोटावर आली. खोका आणि माल ओळखणाऱ्या माणसाला हे कळवावं म्हणून लिहिलं.

मेचं तिकीट आधी काढलं तर बरं पडतं असं ऐकते.

लोभ आहे. चाकूबद्दल म्हणत नाही.

तुमची,
सुलक्षणा

*

जबल अली
१४ नोव्हेंबर १९९७

प्रिय सुलक्षणा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. बारा दिरहमचं दुःख नाही. तू ती पर्स आधी उघडलीस, त्याचं आहे. चादरवाल्याला शोधायला गेलो, तर त्या जागी दुसरा माणूस पायमोजे विकत होता.

मग आतल्या गल्लीत एक दुकान दिसलं. कुलपं, कात्र्या, चाकू. गल्ल्यावर एक बाई. मी हिंदीत विचारलं, तिनेही हिंदीत उत्तर दिलं. मी फुटपाथवरच्या चाकूचं वर्णन केलं, पातं कसं वाकलं ते हाताने दाखवलं. तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली, कसला मेला चाकू तो! मराठीत! मी तिथेच हसलो. खेडच्या खाडीपट्ट्यातली आहे. नाव अजरा. दुकान तिच्या दिराचं. तो आत बसतो, शुक्रवारी ही गल्ल्यावर. आमच्यात चिपळूणच्या बाजारात पाणी कुठपर्यंत चढतं यावरून वाद झाला. तिला सगळं माहीत आहे. तिच्या मामांचं तिथे सुक्या मासळीचं दुकान होतं.

एक गंमत सांगतो. ती चाकू हातात देत नाही. काचेवर ठेवते आणि आपण उचलायचा. मी कारण विचारलं तर म्हणाली, हातात दिला की भांडण होतं. आपल्याकडे मिरची देत नाहीत, तसंच. इतक्या वर्षांत या देशात मला कुणी असं काही ठेवून दिलं नव्हतं. तिचं बोलणंही तसंच आहे, शब्द खाली ठेवते आणि गप्प बसते. मी तिला पेरूची सगळी गोष्ट सांगितली. करवत टेबलावर पडली तिथे ती एवढी हसली की दीर आतून बाहेर आला.

तिच्याकडून नवा चाकू घेतला आहे. यात अकरा वस्तू. आमच्या स्टोअरमधला प्रल्हाद येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो.

लोभ असावा आणि राग चाकूच्या बाकीच्या दहा वस्तूंवर निघावा.

तुझा,
अंबादास

*

चिपळूण
७ डिसेंबर १९९७

श्री. रा. रा. अंबादासराव यांस,
कृ. सा. न. वि. वि.

दुसरा चाकू पोचला. विटेएवढा जाड आहे. अकरा वस्तू आहेत आणि एकही उघडत नाही. माझं अंगठ्याचं नख तुटलं. चित्रकलेच्या सरांनी पक्कड आणून पातं उघडलं, तर ते मिटेना. दोन दिवस तो तसाच उघडा होता, सुरुचीच्या हाताला लागू नये म्हणून फडताळावर ठेवला. जाऊबाई आता फोड देताना माझ्या अंगठ्याकडे बघतात.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. चाकूबद्दल तुम्ही दोन वाक्यं लिहिली आहेत. अजराबाईंबद्दल दोन परिच्छेद. त्या कशा बोलतात, कशा ठेवतात, किती हसल्या. पेरूची गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती. ती तिथे काचेवर ठेवायला नाही.

तुम्हाला त्यांच्या मामांचं दुकान आठवलं. आपल्या घरापासून ते दुकान किती जवळ होतं, ते आठवलं का?

चाकू नको असं मी म्हणत नाही. तसाच हवा असं मी सप्टेंबरात लिहिलं होतं. वेगळा नको. तुम्ही दोन वेगळे घेतलेत.

मे महिन्याबद्दल पत्रात काही नव्हतं.

लोभ आहे तिथेच राहू द्यावा. इकडेतिकडे हलवू नये.

आपली,
सुलक्षणा

*

जबल अली
२ जानेवारी १९९८

प्रिय सुलक्षणा,
स. न. वि. वि.

काय हे! चाकूच्या दुकानात गेलो तर चाकू विकणाऱ्या माणसाशी बोलणारच ना. तिथे माणसाऐवजी बाई आहे, यात माझा काय दोष? तिचा नवरा जहाजावर असतो. भली बाई आहे. तुझ्या नखाचं सांगितलं तर तिला खरोखर वाईट वाटलं.

रमजान लागला आहे. दुकान आता संध्याकाळी उघडतं आणि अजरा रोज गल्ल्यावर असते. आमचीही ड्यूटी लवकर सुटते, त्यामुळे शुक्रवारची वाट बघावी लागत नाही. परवा गेलो, जाडा चाकू फसला म्हणून सांगितलं. तिने चारपाच काढून ठेवले. मी हा निवडला. पांढऱ्या मुठीचा, सडपातळ, एकच पातं. उघडतो छान. मी तिथे दहा वेळा उघडून पाहिला. अजरा म्हणाली, बायकांच्या पर्सला असाच शोभतो.

किसन परत आला तेव्हा तू दिलेली कुळथाची पिठी त्याने पोचवली. थोडी दुकानात नेऊन दिली. तिला ती वासावरूनच कळली.

मेचं बघू, इन्शाल्ला. इकडे बऱ्याच गोष्टी चालू आहेत.

लोभ असावा. संशय नसावा.

तुझा,
अंबादास

*

चिपळूण
८ फेब्रुवारी १९९८

श्री. अंबादास यांस,
सा. न. वि. वि.

तिसरा चाकू मिळाला. छान उघडतो. परवा आवळा कापला. मधली सुट्टी संपायच्या आत पातं काळं पडलं आणि आवळ्याला लोखंडाचा वास आला. सगळ्यांनी तो तोंडात घेतला आणि एकेक करून खिडकीतून बाहेर टाकला. जाऊबाई म्हणाल्या, असू दे गं, दुबईत आवळे होत नाहीत, त्यांना काय माहीत.

पिठी मी तुमच्यासाठी दळली होती.

पूर्वी तुम्ही 'येतो' असं लिहायचात. आता 'इन्शाल्ला' लिहिता. ज्यांचा तो शब्द आहे ते यायचं असलं म्हणजे तो म्हणत असतील. तुम्ही तो न येण्यासाठी वापरता.

सुरुची बरी आहे.

सुलक्षणा

*

चिपळूण
८ फेब्रुवारी १९९८

अजराबाई यांस,
स. न. वि. वि.

दुकानाचा पत्ता चाकूच्या खोक्यावर होता, म्हणून लिहिते आहे. मी सुलक्षणा, अंबादास यांची पत्नी. इथल्या शाळेत शिकवते. मी तुम्हाला ओळखत नाही. आमच्या घरच्या पत्रांत मात्र तुम्ही नोव्हेंबरपासून राहता.

तुमच्या दुकानातून दोन चाकू आले. एक उघडला नाही, एक काळा पडला. तुम्ही चांगल्या आहात असं मला दर पत्रात कळतं. मग चांगल्या बाईच्या दुकानात एकही चांगला चाकू कसा नाही, हे मला समजत नाही. लाल मुठीचा, बोटाएवढा, चार वस्तूंचा, असा तुमच्याकडे आहे की नाही, एवढंच कळवा.

दुसरं काही विचारायचं असतं तर ते मी त्यांना विचारलं असतं.

आपली,
सुलक्षणा

*

डेरा, दुबई
२७ फेब्रुवारी १९९८

सुलक्षणाबाई यांना अजराचा सलाम.

माझं मराठी चौथीपर्यंतचं आहे. चुका असतील, तुम्ही शिक्षिका आहात, लाल पेनाने वाचू नका.

तुम्ही विचारलं तो चाकू दुकानात आहे. पहिल्यापासून आहे. तुमचे मिस्टर पहिल्यांदा आले त्याच दिवशी मी तो काचेवर ठेवला होता. त्यांनी उचलला, उघडला, मिटला आणि परत ठेवला. जाडा घेतला. मी म्हटलं, हा बायकांच्या नखाने उघडत नाही. ते म्हणाले, बघू. रमजानात पुन्हा तोच लाल ठेवला. त्यांनी पांढरा घेतला. मी म्हटलं, याने आंबट कापू नका. ते म्हणाले, चालेल. मला वाटलं पैसे नसतील. म्हटलं, लाल न्या, नंतर द्या. म्हणाले, नको, पुढच्या वेळी बघतो.

दिवसभर माल तपासणारा माणूस असा दोनदा चुकत नाही. हे मला उशिरा कळलं. चांगला चाकू गेला की दुकानात यायला कारण राहत नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा राग आला होता. मग आला नाही. खरं लिहिते. मलाही ते येण्याची सवय झाली होती. आमच्या बाजूचं बोलणं इथे कानावर पडत नाही. ते बोलतात ते बहुतेक तुमच्याबद्दल. तुम्ही फळ्यावर कसं लिहिता, मुलगी डावखुरी कशी. माझा नवरा आठ महिने जहाजावर असतो. तो कोणत्या बंदरात कोणासमोर माझं असं बोलत असेल का, हे माझ्या मनात येतं. तेव्हा मला तुमचा हेवा वाटतो.

लाल चाकू माझ्या मावसबहिणीबरोबर पाठवते. ती खेडला येते आहे. पैसे नको. पण धारेची वस्तू फुकट घेऊ नये, म्हणून थोडी आमसुलं पाठवा.

मिस्टरांचं कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षं वाढतं आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. मेमध्ये येणार नाहीत म्हणून तुम्हाला वाईट वाटत असेल. मला त्यातलं माहीत आहे.

मुलीला दुआ. माया असू द्या, नसेल तर आमसुलं तरी.

अजरा

*

चिपळूण
१५ मार्च १९९८

अंबादास यांस,

चाकू आला. चौथा. तुम्ही पाठवलेला नाही.

कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढतं आहे हे कळलं. कुलपांच्या दुकानातून कळलं. मी तुम्हाला चार पत्रांत मे महिना विचारला. तुम्ही उत्तर दिलंत, पण ते दुसऱ्या काचेवर ठेवलंत. मी ते तिथून उचललं.

मला वाटत होतं की मी बाईंवर जळते आहे. तसं नव्हतं. तुमची बातमी माझ्याआधी त्यांच्याकडे गेली, यावर जळते आहे. चाकू चारदा फसले तरी चाललं असतं.

आता असं करू. तुम्ही तुमची बातमी जिथे ठेवता, तिथेच मी घरची ठेवत जाईन. आम्ही खुशाल. बाकी सविस्तर डेऱ्यात मिळेल.

सुलक्षणा

*

चिपळूण
१५ मार्च १९९८

अजरा यांस,
स. न. वि. वि.

तुमचा चाकू चांगला आहे. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

तो मी शाळेत नेला. कैरी होती. पातं वाकलं नाही, काळं पडलं नाही. फोडी केल्या, पुसला, मिटला. टक झालं. जाऊबाईंनी चाकू मागून घेतला, उलटासुलटा बघितला आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांचा आणलाच नाही. पेरू दाताने तोडला. मी सहा महिने ज्या दिवसाची वाट बघत होते, तो हाच. मला काही वाटलं नाही. चाकू तुमचा होता.

कॉन्ट्रॅक्टचं मला माहीत नव्हतं. तुम्ही सहज लिहिलंत, तुमचा दोष नाही. तुमच्यावर राग धरायचा मी खूप प्रयत्न केला. आता एक काम करा. घरच्या बातम्या मी तुम्हाला लिहीन. ते आले की थोड्या सांगा. सगळ्या नको.

सुरुचीची आणखी एक दाढ पडली. तिने ती कौलावर टाकली आणि चांगला दात दे म्हणाली, तर दाढ घरंगळत खाली आली. तीनदा टाकली. होळीला तिने दादांच्या अंगणात एरंड पुरायला मदत केली. तुमचा चाकू ती पेन्सिल करायला मागते. डाव्या हाताने धरते, टोक छान येतं.

आमसुलं सोबत. यंदाची नाहीत, गेल्या वर्षीची आहेत, पण जुनीच चांगली.

तुमचे यजमान बंदरातून तुमचं बोलत असतील. पुरुष घराबाहेरच बोलतात.

माया आहे असं लिहीत नाही. होईल असं वाटतं.

सुलक्षणा

*

जबल अली
३ एप्रिल १९९८

प्रिय सुलक्षणा,
स. न. वि. वि.

हे तू काय चालवलं आहेस?

आज दुकानात गेलो. तुझा राग तिच्यावर निघाला असेल, माफी मागावी म्हणून गेलो. तर अजरा म्हणाली, बसा, चिपळूणहून पत्र आहे. तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. तीन पानं! मला आलेलं पत्र पाऊण पान होतं, त्यात प्रिय नाही, श्री. नाही, नमस्कार नाही.

ती पत्र माझ्या हातात देत नाही. पूर्वी चाकू जसा काचेवर ठेवायची, तसं पत्र पालथं ठेवते आणि वर हात ठेवून सांगते. सुरुचीची दाढ पडली हे मला कुलपांच्या दुकानात कळलं. कौलावरून दाढ खाली आली, तिथे अजरा हसली, तिचा दीर हसला. त्याला आता आपल्या घरातलं सगळं माहीत असतं. मला सर्वांत शेवटी कळतं. दादांकडची होळी कशी झाली विचारलं, तर म्हणाली, ते पुढच्या शुक्रवारी. आणि शेवटच्या पानावर काय आहे म्हटलं तर, ते तुमच्यासाठी नाही.

मी तुझा नवरा आहे, सुलक्षणा. माझ्या मुलीची दाढ आहे.

तुझी आमसुलंही तिने दाखवली. बरणी भरून आहेत. किसन गावी आला होता तेव्हा मला तू किती पाठवली होतीस ते मला आठवतं.

कॉन्ट्रॅक्टचं तुला लिहिणारच होतो. काही ठरलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. तुला लिहिलं असतं तर ते ठरलं असतं. तिला सांगितलं म्हणजे नुसतं बोलणं होतं. हा फरक तुला समजेल असं वाटलं होतं. सही एप्रिलअखेरपर्यंत करायची आहे.

लोभ कुणाकडे आहे ते कळवावं.

तुझा,
अंबादास

*

चिपळूण
११ एप्रिल १९९८

अंबादास यांस,

पत्र मिळालं. फरक समजला. मीही तुमच्याप्रमाणेच नुसतं बोलते आहे. ठरलं की लिहीन.

सुरुचीला चित्रकलेत बक्षीस मिळालं. कोणतं चित्र ते डेऱ्यात विचारा.

सुलक्षणा

*

जबल अली
२४ एप्रिल १९९८

प्रिय सुलक्षणा,
स. न. वि. वि.

आज शुक्रवार. सकाळी बस डेऱ्याला गेली. गेटवर प्रल्हाद हाका मारत होता, यल्ला, यल्ला. मी गेलो नाही. सुरुचीने कोणतं चित्र काढलं ते मला अजून माहीत नाही. तू सांगितलंस तरच कळेल.

सही केलेली नाही. काल सुपरवायझरने कागद पुढे केला. मी वाचला, त्याच्या टेबलावर परत ठेवला. तो म्हणाला, विचार करून ये. मी म्हटलं, खलास, विचार झाला. बारा मेच्या विमानाने येतो. येतो असं लिहिलं आहे, बघ.

ही गोष्ट किसनला माहीत नाही. तो शेजारच्या पलंगावर झोपला आहे. प्रल्हादला माहीत नाही. दुकानात कुणाला माहीत नाही. तुला पहिल्यांदा कळवतो आहे.

पुढचं मला नीट दिसत नाही. लोट्याच्या एमआयडीसीत कुणी स्टोअरकीपर घेतं का, दादाला विचारून ठेव. नाही घेतलं तर दोघं बसून ठरवू. लिहायला घेतलं तेव्हा भीती वाटली होती. आता कमी आहे.

चाकू आणत नाही. तुला दुसरं काही हवं असेल तर लगेच लिही. एकदाच जाऊन घेता येईल असं काहीतरी सांग.

लोभ असेल तर असावा, एवढीच विनंती.

तुझा,
अंबादास

*

चिपळूण
२ मे १९९८

अहो,

पत्र परवा मिळालं.

अजराला अजून कळवलेलं नाही. कळवायचं आहे. ती खूश होईल, आणि मग तिला थोडं वाईट वाटेल, तेही मला माहीत आहे. सोमवारी लिहीन. आजचा आणि उद्याचा दिवस ही बातमी माझ्याचकडे राहू दे.

काल निकालासाठी शाळेत गेले तेव्हा पत्र पर्समध्ये चाकूशेजारी होतं. जाऊबाईंनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, आंबे आलेत. दादांना तेवढं लोट्याचं विचारून घेतलं. का विचारते ते सांगितलं नाही. त्यांच्या ओळखीचे एकजण आहेत, भेटू म्हणाले.

सुरुचीच्या चित्रात एक खिडकी आहे. खिडकीत तिने तुम्हाला काढलं आहे. तुम्ही आत आहात की बाहेर ते कळत नाही. मी विचारलं तर म्हणाली, आल्यावर बघू.

मला काही आणू नका.

हापूसची एक पेटी गवतात घातली आहे. तुम्ही याल तोवर पिकेल. चाकू खिडकीत ठेवला आहे, मिटून. पहिला आंबा तुम्ही कापायचा. मी चाकू हातात देणार नाही. तिथून उचला.

लोभ आहे. तो आता पोस्टाने पाठवत नाही.

तुमची,
सुलक्षणा